ट्यूबवरची ओली शाई

मंगळवार, १२ तारीख

ताई,

नमस्कार. इकडे सगळं बरं आहे. आईचा गुडघा थंडीनं धरतो, तरी भाजी आणायला तीच जाते. ऐकते का कुणाचं? तुझ्या लेकीचा स्वेटर विणून झालाय, बटणं तेवढी राहिलीत.

मी दहा दिवस घरीच आहे. रजा काढलीय, असं आईला सांगितलंय.

काल त्या शिवणकामवाल्या बाईंना भेटून आले. अजून मोठ्या दवाखान्यातच आहेत. रक्त चढवलं, आता उठून बसतात. पोटातलं बाळही सुखरूप आहे. मला म्हणाल्या, "हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून मशीनवर बसत राहिले हो. चक्कर यायची, तरी बसले." मला मान वर करवेना. चांगला रिपोर्ट कॉलेजातल्या त्या धडधाकट मुलीचा होता.

त्या दिवशी दोघींच्या रक्ताच्या ट्यूब लॅबमध्ये माझ्याकडे तूच आणून दिल्यास. एकीला बोट लागलं तर शाई फिसकटली, इतकी ओली. मी विचारलं, "नावं रक्त घेतानाच, खुर्चीपाशी लिहिलीस ना? त्यांना विचारून?"

तू हसलीस. "आता ताईचीही उलटतपासणी? बाहेर रांग बघ केवढी आहे!"

दुसरी कुणी नर्स असती तर मी ट्यूब परत पाठवल्या असत्या, पुन्हा रक्त घ्यायला लावलं असतं. नियमच आहे. तू होतीस म्हणून ठेवून घेतल्या. ही चूक माझी, आणि डॉक्टरांपुढे मी ती कबूल केली.

आणि तू? माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून म्हणालीस, "मी नावं लिहूनच दिली होती. अदलाबदल लॅबमध्ये झाली." वर, "लहान आहे, सांभाळून घ्या." केसानं गळा कापलास गं. मला कामावरून थांबवलं तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतीस.

सफाईच्या मावशींनी तुला टेबलाशी बसून, आठवून आठवून नावं लिहिताना पाहिलंय. तसं लेखी द्यायला त्या तयार आहेत. आधी मी नको म्हटलं होतं. काल बाईंना भेटल्यावर हो म्हटलं. शुक्रवारी मावशी लेखी देतील. त्याआधी तू स्वतः जाऊन सांग.

माझी नोकरी राहो न राहो. पण तुझ्यापुढे रोज किती बायका हात पुढे करून बसतात, ताई, निर्धास्त.

'तुझीच' लिहायला हात वळत नाही.

धाकटी