गॅरेजातला हत्ती

टूसॉन, ॲरिझोना
४ मार्च १९८९

ती. आईस क्लेटनचा साष्टांग नमस्कार,

नाताळ नसताना माझं पत्र आलेलं पाहून घाबरू नकोस. आम्ही तिघंही बरे आहोत. रमोनाची हॉस्पिटलातली रात्रपाळी एकदाची संपली. सेलियाच्या दातांना तारा बसवल्या, त्यामुळे सध्या घरात हसायला बंदी आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

पत्राला कारण असं घडलं. परवा लोखंडी सामानाच्या दुकानाबाहेर माझ्या प्लिमथपाशी एक गृहस्थ उकिडवे बसलेले दिसले. हो, तीच नारिंगी प्लिमथ, एकाहत्तर साली जिच्यात बसून मी घर सोडलं ती. रंग आता गाजराच्या सालीसारखा झालाय. गृहस्थांचं नाव प्रुइट. जुन्या गाड्या जमवतात. काचेखालच्या पत्र्यावरचे आकडे वाचून त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, ही कारखान्यातून हेमी नावाचं शर्यतीचं दांडगं इंजिन घेऊन निघालेली गाडी आहे, अशा मुळातच मोजक्या झाल्या, मग आत हे टॅक्सीचं सहा सिलिंडरचं काय घातलंय? मी सांगितलं की मूळ इंजिन माझ्या वडिलांनी एका रात्रीत उपसून काढलं आणि बहुतेक भंगारात दिलं. गृहस्थांनी कुणी वारल्यासारखी डोक्यावरची टोपी काढली.

त्यांचं म्हणणं असं की इंजिनावर ठोकलेला आकडा आणि गाडीवरचा आकडा जुळला, तर दोन्ही मिळून ते मी मागेन ती किंमत देतील. तेव्हा एवढंच कळव, बाबांनी ते कुणाला विकलं हे तुला ठाऊक आहे का? नुसतं नाव कळलं तरी पुरे. तू त्रास घेऊ नकोस.

शेजारच्या वर्नाबाईंना नमस्कार. त्यांच्या अक्षरावाचून तुझी खबर कळत नाही.

तुझा,
क्लेटन

*

हेझल पार्क, मिशिगन
१५ मार्च १९८९

चि. क्लेटन यास आईचे अनेक आशीर्वाद, आणि लिहिणाऱ्या शेजारणीचा रामराम.

तुझं पत्र वर्नाने वाचून दाखवलं. इंजिनाची चौकशी पानभर, माझ्या गुडघ्यांची एक ओळ. बरोबरच आहे, गुडघे काही दुर्मिळ नाहीत.

सेलियाला म्हणावं, तारा लावून हसलीस तरी आजीला चालेल. मी तिला फोटोतच पाहिलीय, आणि फोटोत ती बापासारखी तोंड मिटून असते. टेलिफोन कर म्हणून वर्ना मागे लागते, पण कारखान्यात यंत्राच्या प्रेसखाली इतकी वर्षं पत्रे ठोकले, कान तिथेच ठेवून घरी आले. फोनवर मला फक्त माशी ऐकू येते.

आता तुझ्या हत्तीचं. तुझ्या बापाच्या कारखान्यात सगळे त्या इंजिनाला हत्तीच म्हणायचे, आठवतंय ना? तो कुणाला विकलेला नाही. तुझ्या बापाने उतरवला तिथेच आहे, आपल्या गॅरेजात, लाकडी ठोकळ्यांवर, माझ्या आईच्या गोधडीखाली. भंगारात दिलं म्हणे! तुझ्या बापाने वाकडा खिळासुद्धा कधी फेकला नाही, आणि ज्याचं वरचं हेड स्वतःच्या हाताने बसवायचा ते इंजिन फेकील? आकडा काय आहे तो मला विचारू नकोस, मला आकडा आणि मुंगी सारखीच दिसते. वर्नाने चष्मा लावून उतरवून घेतलाय, ती चिठ्ठी सोबत ठेवलीय. तुझ्या त्या गृहस्थांना दाखव म्हणजे चेहरा ताळ्यावर येईल.

तर मग, न्यायला कधी येतोस? घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव करीन, कच्चा कांदा तू फोडायचास. इंजिन तुझंच आहे, मी काही अडवत नाही. फक्त तुझ्याच हातात देईन, दुसऱ्या कुणाच्या नाही.

माया आहे तेवढी आहे. पत्राने ती फार दिवस पुरत नाही, हे लक्षात असू दे.

तुझी आई,
ऑर्फा स्टिडहॅम

*

हेझल पार्क
२५ एप्रिल १९८९

चि. क्लेटन यास आशीर्वाद.

मुलगा मागितला तर प्रुइटांचा ट्रक आला. ट्रक येतोय असं कळवणारं तुझं पत्र मागाहून पोचलं, तेव्हा ट्रक परत जाऊन दोन दिवस झाले होते. काय घडलं ते नीट सांगते, नाहीतर प्रुइट भलतंच सांगतील.

सकाळी दारात हा एवढा लांब ट्रक. त्यातून दाराएवढा उंच माणूस उतरला आणि कागद दाखवायला लागला. मी बागेतली खुर्ची घेतली, गॅरेजच्या दारात मधोमध मांडली आणि बसले. त्याने कागद पुढे केला, मी म्हटलं मला वाचता येत नाही. अडाणी राहिल्याचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला. तो मोठ्याने वाचायला लागला, मी म्हटलं ऐकूही येत नाही. बिचारा रडकुंडीला आला. मग पाऊस लागला. मी उठेना, तो जाईना. वर्नाने खिडकीतून छत्री दिली, ती एकच होती म्हणून आम्ही दोघं तिच्याखाली.

दुपारी त्याला जेवायला घातलं. चांगल्या घरचा होता, तीनदा वाढून घेतलं आणि मोरीचा गळका नळ बसवून दिला. जाताना म्हणाला, आजी, माझी आई तुमच्यासारखीच आहे. मी विचारलं, तिला भेटतोस का? म्हणाला, दर रविवारी. तेवढं मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

म्हणून ट्रक रिकामा गेला. रागावू नकोस. रागवायचंच असेल तर समोर येऊन रागव, म्हणजे मला तोंड तरी दिसेल.

माया जशीच्या तशी आहे, ट्रकमधून पाठवता येत नाही.

आई

*

टूसॉन
६ मे १९८९

आईस नमस्कार.

समोर येऊन रागव म्हणतेस, पण मला लिहूनच रागवू दे. बोलायला लागलो की माझा आवाज बाबांसारखा येतो.

प्रुइटांचं सोड, ते दुसरी गाडी शोधतील. पण तू जे केलंस तेच बाबांनी केलं होतं. मी रात्रपाळीवरून आलो तर बॉनेट उघडं, आत नुसतं भगदाड, तारा लोंबताहेत. बाबा स्वयंपाकघरात शांतपणे कॉफी पीत होते. म्हणाले, जा आता कुठं शर्यती लावायला जायचंय तिथं. मी म्हटलं, जातोच. दोन दिवस उसन्या जागेत राहून, भंगारवाल्याकडून टॅक्सीचं इंजिन आणून, पट्ट्या वेल्ड करून बसवलं आणि निघालो. सगळ्या देशभर तेच धापा टाकत आलं. अजून चढ लागला की ते खोकतं आणि मला ते स्वयंपाकघर आठवतं.

मी बावीस वर्षांचा होतो, आई. कान धरून थांब म्हटलं असतंत तरी थांबलो असतो. पण तुम्ही दोघांनी माझ्याशी बोलायच्या ऐवजी माझ्या इंजिनाशी व्यवहार केलात. आता तूही तेच. माणूस यावा असं वाटत असेल तर त्याची वस्तू दाबून ठेवायची, हे तुम्हाला कुणी शिकवलं? बाबांच्या अंत्यविधीला मी आलो नाही, कारण मला वाटलं त्यांना ते आवडणार नाही. तेव्हाही तू ये म्हणाली नव्हतीस.

ठेव ते इंजिन. मला नको.

क्लेटन

*

हेझल पार्क
१७ मे १९८९

चि. क्लेटन यास आशीर्वाद.

तुझं पत्र वर्नाने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मीच वाचायला लावलं. वर्ना म्हणाली, ह्याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, पोराचं बरोबर आहे असं लिही. तिने पेनच खाली ठेवलं. इतक्या वर्षांत मी कुणाचं बरोबर आहे असं म्हटलेलं तिने ऐकलेलं नाही.

पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही, ती ऐक. त्या रात्री इंजिन काढून झाल्यावर तुझा बाप, होबार्ट, माझ्याकडे आला, कोपरापर्यंत काळा. म्हणाला, रागावेल तीन दिवस, चालेल. मेलेला पाहण्यापेक्षा रागावलेला बरा. रोज ती इंजिनं जुळवणारा माणूस, ती काय करू शकतात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? तू गल्लीच्या तोंडाशी ते पेटवलंस की त्याचा घास तोंडातच थांबायचा. तीन दिवस झाले. तीन आठवडे झाले. मग एका रविवारी चर्चहून आला, शर्ट बदलला आणि गॅरेजात गेला. आठी प्लग काढले, प्रत्येकात चमचाभर तेल सोडलं आणि लांब दांड्याचा पाना लावून आतला दांडा हळूहळू फिरवला. मी विचारलं हे काय चाललंय? म्हणाला, पडून राहिलं की आतल्या आत धरतं, मग सुटत नाही. मालक आला की तयार पाहिजे.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. तुझं नाव काढायचा नाही, फक्त शर्ट बदलायचा. हात थरथरायला लागले तेव्हा मी प्लग काढून द्यायची. तो गेल्यावर पाना माझ्याकडे आला. होबार्ट एका हाताने फिरवायचा, मी त्याला लोंबकळते. वर्नाला वाटायचं मी तिथे लोणची ठेवते.

म्हणजे बघ, त्या इंजिनाने तुला एक दिवससुद्धा बांधून ठेवलं नाही. बांधले गेलो ते आम्ही दोघं.

आता ट्रक पाठव. खुर्ची मांडणार नाही. तुझ्या येण्याची अट काढून घेतली, वर्ना साक्षीला आहे. नको म्हणालास तरी ते तुझंच आहे, मग विक, ठेव, अंगणात ठेवून त्यात झेंडू लाव. अजून सहज फिरतं, तेवढं त्या गृहस्थांना सांग.

लोभ मागायला आता तोंड नाही, पण असला तर कळव.

आई

*

टूसॉन
२७ मे १९८९

ती. आईस,

ट्रक येणार नाही. प्रुइटांना नाही म्हणून कळवलं.

पुढच्या शनिवारी सकाळी मी निघतोय, ह्याच गाडीने. टॅक्सीचं इंजिन आहे, घाटात दम लागेल, तेव्हा वाट पाहताना थोडा धीर धर. रमोनाला सुट्टी नाही आणि सेलियाची शाळा आहे, म्हणून एकटाच येतोय. माझी खोली अजून आहे का, की तिथेही लोणची ठेवलीस?

क्लेटन

*

हेझल पार्क
२० जून १९८९

चि. सौ. रमोना हिस सासूचे आशीर्वाद, आणि सेलियाला पापा, तारांना सांभाळून.

पोरी, आपण दोघी अजून भेटलो नाही, पण तुझा नवरा मी इतके दिवस ठेवून घेतला तेव्हा त्याचा हिशोब तुला द्यायला हवा.

तो आला तेव्हा मी दारातच होते. गाडीतून एक टकलू, पोट सुटलेला गृहस्थ उतरला. मी त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं, माझा पोरगा कुठाय म्हणून. क्षणभरच. मग तो हसला आणि सापडला.

घरात यायच्या आधी गॅरेजात गेला. गोधडी काढली, पाना लावला, जरासा रेटला. दांडा फिरला. तो खाली फरशीवरच बसला आणि पाना मांडीवर घेतला. मी म्हटलं उसळ करपेल, आणि निघून आले. उसळ अजून चुलीवर चढवलीही नव्हती.

मग होबार्टचे कारखान्यातले दोन जुने सोबती आले. साखळीने हत्ती उचलला, टॅक्सीचं इंजिन काढलं आणि हा बसवला. तिघं मिळून एका माणसाचं काम करत होते आणि तीन माणसांचं खात होते. दोघांनी होबार्टच्या गोष्टी सांगितल्या, अर्ध्या मला नवीन होत्या. एवढं सगळं भराभर झालं, आणि नंतर मात्र काम अडलं. आज एक नळी बरोबर नाही, उद्या एक पट्टा सैल आहे, परवा कसलासा स्क्रू मिळत नाही. तुझा नवरा विहिरीचा पंप दुपारभरात बसवतो असं तूच कार्डावर लिहिलं होतंस. एका पट्ट्याला एवढा वेळ? मला समजत होतं. गाडी सुरू झाली की निघावं लागेल, म्हणून तो पट्टा सैलच राहत होता. मीही सकाळी सफरचंदं तळायची आणि विचारायची, झालं का रे? तो म्हणायचा, नाही अजून. मी म्हणायची, घाई करू नकोस.

शेवटी मला तुझी आठवण झाली. त्याला म्हटलं, तिकडे तुझ्या बायकोचं अंथरूण रिकामं आहे, आता पेटव ते, नाहीतर मी वर्नाला पेटवायला सांगते. (हे वाक्य लिहायला वर्ना तयार नव्हती. लिहिलंय, पण तोंड फिरवून.)

पेटलं. मला फार कमी ऐकू येतं हे तुला ठाऊक आहे. पण फरशीतून पायांत आलं, पायांतून दातांत. कपाटातल्या बश्या चालायला लागल्या. गल्लीतले सगळे बाहेर आले. क्लेटन खिडकीतून मला ओरडून काहीतरी सांगत होता, काय ते कळलं नाही. मी मान हलवली. ते काय होतं ते तू त्याला विचारून मला कळव.

मग मला शेजारी बसवून मोठ्या रस्त्यावर नेलं. सिग्नलला बाजूला एक पोरगा नवीन गाडीत, आमच्याकडे बघून उगाच घुर्रघुर्र करायला लागला. हिरवा लागला, तो सुसाट सुटला, आणि आपला क्लेटन जागेवरच. मी म्हटलं काय रे, पोराला जाऊ दिलंस? त्याने फक्त माझा सीटचा पट्टा नीट बसलाय का ते पाहिलं.

आज पहाटे निघाला. पेट्रोल फार पितो हा हत्ती, तेव्हा पाकिटात काही शिल्लक नसेल, बोलू नकोस. गाडी विकणार का ते मी विचारलं नाही. टॅक्सीचं इंजिन गॅरेजात ठेवून गेलाय. म्हणाला, फेकून दे. मी म्हटलं, बघू.

आणि परत ये, असं मी त्याला म्हटलं नाही. मागे म्हटलं नव्हतं याचा त्याला राग होता, तरी या वेळीही नाही म्हटलं. तू सुनेहून मुलगी जास्त, म्हणून तुला सांगते. म्हटलं असतं तर तो लगेच हो म्हणाला असता, आणि मग मला वाट पाहावी लागली असती.

तो पोचला की दोन ओळी टाक. बाकी माझी माया न पाहताच तुझ्यावर जडली आहे, ती तशीच राहू दे.

तुझी सासू,
ऑर्फा स्टिडहॅम