दारातली साडी

मंगळवार, फुलंब्री, रात्री

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बिडी नाही, तंबाखू नाही, मग छाती एवढी भरली कशानं? काम काय करता?" म्हटलं, शहरात गुलमंडीच्या बाजारात कापडाच्या दुकानाच्या दारात, टांगलेल्या साडीशेजारी उभा राहून गिऱ्हाईक बोलवतो. "मग हा रस्त्याचा धूर आहे. आत बसत जा."

तेच शेठला सांगितलं. माणूस वाईट नाय. पण म्हणाला, "नामदेवराव, आत साड्या दाखवायला चौघं हायत. दारातला आवाज तुमचाच. तोंडाला रुमाल बांधा." रुमाल बांधून "या ताई, या" ओरडू कसं? आन् या वयात दुसरीकडं कोण ठेवतंय मला?

दुपारी रिक्षांची रांग दारातच अडकली. हाक मारायला तोंड उघडलं तर खोकलाच आला, थांबेचना. शेठ धावत बाहेर आला. मला खुळ्याला वाटलं, आत बोलावतोय. त्यानं दारात टांगलेली मोतिया साडी बोटानं पुसली, बोट काळं झालं. "आठ दिवसांत वाट लागली हिची. आत घ्या लवकर!"

घेतली. नवी टांगली आन् तिच्याशेजारी उभा राहिलो. हीबी आठ दिवसांनी आत जाईल.

मला अकरा वर्षं झाली.