जाळीआडचे डोळे

मंगळवार, संध्याकाळ

सॉफ्टबॉलमधी मला कॅचर, म्हंजे बॅटवालीच्या मागं बसून चेंडू झेलणारी, केल्यापासून एकच खोड लागलीय. समोर बॅट फिरली की माझे डोळे मिटायलेत. तोंडावर लोखंडी जाळी हाय, मग भ्या कशाचं? जाळीआड कुणाला दिसत न्हाई, एवढंच बरं वाटायलं होतं.

आज मात्र सगळे चेंडू हातात आले. सर "शाब्बास" म्हनले. मी खुश.

घरी येताना आमची चेंडू टाकणारी, पिचर नागम्मा हळूच म्हनली, "तू डोळे मिटायलीस, म्हनून मी आज हळू टाकले."

म्हंजे तिला दिसायलंय! आन ती शाब्बास माझी न्हाईच. शनिवारी मॅच हाय, तिथं हळू टाकून कसं चालंल?

उद्या तिला सांगते, जोरात टाक. भ्या तर वाटंलच. पण जाळी हाय की.