दारावरचा चिखल

१२ मार्च १९९८

चौथीची एकेचाळीस मुलं आणली होती आज बागेत. नागमोडी पूल दाखवला. विचारलं, सरळ का नाही बांधला? एक म्हणतो, "गवंडी प्यायलेला होता!" सगळे हसले. ही आमच्या सुझौची संस्कृती!

त्यात भर म्हणून हा यान. माझाच जुना विद्यार्थी, महिन्यापूर्वी बागेचा डायरेक्टर झालाय. "शेनबाई, जरा लवकर आटपता का? पर्यटकांच्या बस यायच्यात." कोण सांगतंय! सहासष्ट साली, सांस्कृतिक क्रांतीत, बागेच्या कोरीव विटांच्या दारावर चिखल लिंपून माओच्या लाल घोषणा लिहिणारा! त्याच आठवड्यात मला गळ्यात पाटी अडकवून शाळेच्या अंगणात उभं केलं होतं — मान खाली, चार तास. चिखल अजून तसाच आहे.

१९ मार्च

बोलले शेवटी. मुलांना दारापाशी नेलं. म्हटलं, इथे विटांत कोरलेली हरणं होती, कमळं होती, बुद्धिबळ खेळणारे म्हातारे होते. "मग कुणी घालवलं, आजी?" यान मागेच उभा होता. "त्यांनाच विचारा! काय यान, तुझेच हात ना हे?"

"हो, बाई."

"का केलंस?"

मान खाली. मुलांनी त्याला घेरलं — "बोला ना! बोला ना!"

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? फार बरं वाटलं.

२७ मार्च

मुलांनी घरी सांगितलं, पालकांनी वर तक्रारी केल्या. यानची बदली — गावाबाहेर, रोपवाटिकेत. माझा बागेतला वर्ग चालू राहणार. जिंकले!

२ एप्रिल

मिस्त्री चिखल काढतायत. यानने जाण्याआधी सांगून ठेवलं होतं म्हणे. म्हातारे मिस्त्री म्हणाले, "डोकेबाज माणूस हो! आधी कागद, मग चिखल, वर घोषणा. जुनं सगळं फोडत फिरणाऱ्या त्या पोरांची घोषणेवर हातोडा चालवायची काय छाती? बाकीच्या दारांवर एक चेहरा शिल्लक नाही. इथे नाकसुद्धा तुटलेलं नाही!"

कागद वहीचे. अक्षर यानचं. समासात लाल शाईच्या खुणा माझ्या.

का नाही बोलला गाढव? मुलांदेखत बाईंना खोटं पाडायचं नाही म्हणून! दुसरं काय असणार?

लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत शनिवारी पापाची कबुली देऊन मोकळं होता यायचं. इथे कुणाला सांगू?

३ एप्रिल

यानच्या घरी गेले. बायकोने दार अर्धंच उघडलं. "ते झोपलेत, बाई." सकाळी अकराला!

९ एप्रिल

मुलांचे निबंध आले — 'बागेने मला काय शिकवलं'. हरणं नाहीत, कमळं नाहीत. छ्यू यिंग, वय नऊ, लिहिते — "वाईट माणसाला मधे उभं करायचं आणि सगळ्यांनी ओरडून विचारायचं. मग तो मान खाली घालतो. आम्ही मधल्या सुट्टीत असंच खेळतो. यानकाका व्हायला कुणीच तयार नसतं, म्हणून रोज त्या बोबड्या थाओलाच करतो."