हुकमाचा गुलाम

बाबा, तुमच्या भजनांत जुगार फार होता, आणि आपल्या घरात पत्त्यांचं नाव काढायची सोय नव्हती. काळाचौकीच्या त्या चाळीत जिन्याखाली डाव बसायचा. गिरणीतली पाळी सुटून आलात की तुम्ही तोंड भिंतीकडे करून जिना चढायचात आणि वर येऊन पेटी काढायचात. माणूस जुगाराला बसलाय, माया पत्ते पिसतेय, बालपण हरला, तारुण्य हरला, आता म्हातारपण लावतोय. गळ्यात तुळशीची माळ आणि आवाजात खरी हळहळ. खालचे जुगारी डाव थांबवून ऐकत. त्यांच्यातला एक तर रडायचा, आणि डोळे पुसून पुढचा पत्ता टाकायचा. मी पुढे कॉलेजात रूपक शिकवलं तेव्हा मला तुमचाच गळा आठवायचा. जी वस्तू कधी हातात धरली नाही तिचं रूपक माणूस मोकळेपणाने करतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभा सुरू झाल्या आणि प्रत्येक भजनी बुवाला नवा गजर हवा झाला. तुम्ही जुनाच जुगार घेतलात, मायेच्या जागी दिल्ली बसवलीत. दिल्ली पत्ते वाटते, मुंबई स्वतःजवळ दडवते, ऐटीत राजा टाकते. मग ती ओळ यायची: ‘राजावर गुलाम पडला, हात गुलामाने नेला.’ पडलेले पत्ते जिंकणं म्हणजे हात नेणं, एवढं तुम्ही जिना चढताना कानावर पडलेलं उचललं होतं. टाळकऱ्यांच्या अंगावर काटा आला. माझ्याही आला.

त्या गणपतीत लालबागच्या बुवांशी तुमची डबलबारी लागली. दोन मंडळं समोरासमोर, एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. ते बुवा जाडे, पान खाणारे, पत्त्यांत मुरलेले. तुमची ओळ ऐकून त्यांनी गाण्याची वाट न बघता आपली पेटीच मिटली.

“बुवा, गुलाम राजाला खातो? कुठल्या गावात?”

मंडपात हशा. जिन्याखालची आपलीच माणसं सर्वांत मोठ्याने हसत होती.

“बोला की! का तुमच्या चाळीत पत्ते देव्हाऱ्यात ठेवून खेळतात?”

तुमचा चेहरा लाल झाला. “विसर्जनाच्या आदल्या दिवशी परत बसू. उत्तर दिलं नाही, तर ही पेटी तुमची.”

मंडळाची ती एकुलती एक पेटी. ती गेली की मंडळ गेलं, हे मंडपातल्या पोरांनाही कळत होतं. लालबागच्या बुवांनी थोडा विचार केला आणि समोर एक नारळ लावला.

घरी आईने तुम्हाला पाणी दिलं आणि म्हणाली, “पेटी लावलात. तेका जुगार म्हणतत.”

“जुगार नाय. सवाल-जवाब तो.”

“मग नारळ कित्याक?”

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, चाळीत कॉलेजला जाणारी एकटीच. मी मध्ये पडले. “बाबा, घाबरू नका. रूपकाला नियम नसतात.” तुम्ही माझ्याकडे बघितलंत. “रूपकाला नसतील. समोर बसलेल्यांना असतात.”

जिन्याखाली जाऊन विचारणं तुम्हाला शक्य नव्हतं. दोन दिवस तुम्ही नुसते जेवलात. तिसऱ्या दिवशी दुपारी आई तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालते आणि एक पुरचुंडी काढते. आत पत्त्यांचा कॅट, वापरून कापडासारखा मऊ झालेला.

“ह्यो खंयचो?”

“माहेरचो. गौरीच्या जागरणाक खेळायचंव.”

इतक्या वर्षांच्या संसारात त्या डब्यातला भात तुम्ही रोज जेवला होतात. तुम्ही माळ चाचपलीत. “पत्त्याक मी हात लावचंय नाय.” आई उठली, चुलीजवळची सांडशी आणून तुमच्यापुढे ठेवली. “हिच्यान धरा.”

पाच-तीन-दोन हा तिघांचा खेळ. ज्याच्यावर पाच हात करायची पाळी, त्याने हुकूम बोलायचा. तुमचे पत्ते पाटाला टेकवून उभे, आणि तुम्ही मांडी घालून, श्वास रोखून, गरम पातेलं उतरवावं तसा एकेक उचलताय. चौकटची राणी दोनदा चुलीच्या राखेत पडते. पाच आईचे आहेत, तिने किलवर हुकूम बोललाय. मी बदामचा राजा टाकते. तुमच्याकडे बदाम नाही. सांडशीत किलवरचा गुलाम लोंबतोय.

“टाकू?”

“टाका.”

“पण थंय राजा आसा.”

“टाका म्हणतंय ना!”

तुम्ही टाकलात. मी पत्ते ओढायला हात पुढे केला, आईने त्यावर चापट मारली. “थांब गे. हुकमाचो गुलाम तो. राजाक खाता. अठ्ठी आसली तरी खाता.”

तुम्ही सांडशी खाली ठेवलीत. हुकूम म्हणजे दिल्लीहून सुटतो तो, एवढंच तुम्हाला ठाऊक होतं. “आणि हुकूम कोण ठरवता?”

“ज्येका पाच करून दाखवूचे आसत, तो.”

तुम्ही सांडशीने तो गुलाम उचलून आईपुढे ठेवलात. मग म्हणालात, “वाट परत.”

विसर्जनाच्या आदल्या दिवशी तुम्ही पेटीवर बसलात तेव्हा आई मंडपाच्या खांबाला धरून उभी होती. तुम्ही ओळ गायलात आणि तिला नवी जोडलीत: राजा मोठा खराच, पण हुकूम ज्याचा, हात त्याचा, आणि गुलाम हुकमाचा. जिन्याखालच्यांनी माना डोलावल्या. लालबागचे बुवा सहजी सोडणारे नव्हते. त्यांनी पान गालात सरकवलं.

“मान्य. पण हुकूम बोलला कोण?”

डावात कोण बोलतो ते आईने शिकवलं होतं, दिल्लीपुढे कोण, ते नव्हतं. तुम्ही खांबाकडे, तिच्याकडे बघितलंत. तेवढ्यात जिन्याखालचा तो रडणारा जुगारी उभा राहिला आणि ओरडला, “आम्ही!” मग त्याचे भिडू, मग टाळकरी, मग सगळा मंडप. “आम्ही! आम्ही!” लालबागच्या बुवांची पंचाईत झाली. गप्प राहावं तर मुंबई जाते. त्यांनीही हात वर करून “आम्ही” म्हटलं आणि नारळ पुढे सरकवला.

त्यानंतर तुम्ही पत्त्याला कधी हात लावला नाहीत. सांडशी लावलीत. सुटीच्या दुपारी कडी घालून म्हणायचात, “त्या सवालाची जरा उजळणी करू या.” आई तांदळाचा डबा ओढायची. भाताला पत्त्यांचा वास येतो, अशी तक्रार मात्र तुम्हीच करायचात. राज्य मिळालं त्या दिवशी गुलालाने माखून घरी आलात. आईला वाटलं, भाषण कराल. तुम्ही विचारलंत, “आज पाच कोणाचे?”

ती ओळ तुम्ही कायमची दुरुस्त केलीत: ‘राजावर हुकमाचा गुलाम पडला.’ नियमात बसली, ठेक्यातून बाहेर पडली. तुम्ही असेपर्यंत मंडळ त्या एका शब्दापाशी अडखळत राहिलं. टाळकरी तुमच्याकडे बघायचे, तुम्ही दुसरीकडे बघायचात.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून सांगते. मला तुमची पहिली, चुकीची ओळच आवडते. स्वयंपाकघरात एकटी असले की तीच म्हणायला घेते. पण राजापाशी आले की ‘हुकमाचा’ आपोआप तोंडात येतो, आणि बाबा, माझाही ठेका दरवेळी चुकतो.