कडेचे अकरा मिलिमीटर

दि. १६ नोव्हेंबर
सकाळी सव्वासात

ती. ताईस,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. "बाबांचं शास्त्र बांधायला दिलंय की माहेरपणाला धाडलंय?" हा टोमणाही मिळाला. आम्ही सगळे बरे आहोत. हिचा गुडघा सोडला तर तक्रार नाही. दुकानात काम भरपूर. पालिकेची जुनी रजिस्टरं आली आहेत, एकेक उशीएवढं. भावजींना सलाम सांग.

आता पुस्तकाविषयी, बाबांच्या त्या बायबलाविषयी. ते तयार आहे. चार महिन्यांपूर्वीच तयार झालंय. सरस चांगला मिळत नाही, हवेत ओल आहे, कातडं यायचंय, असं मी तुला लिहीत आलो ते सगळं खोटं होतं. कातडं पहिल्याच आठवड्यात आलं होतं. शिलाई मी नव्याने केली आहे, प्रत्येक फॉर्मा, म्हणजे घडीच्या पानांचा जुडगा, सुटा करून. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाने बघून बघून शिकलेली शिलाई आहे, पण तुझी नातवंडं म्हातारी होईतो एक पान हलणार नाही.

माझं रोजचं वाचन चालू आहे. चालू म्हणजे बसतो. अर्धा अध्याय होतो न होतो तोच खळ ढवळायला उठतो. परत बसतो, ब्रश धुवायला उठतो. तो आदल्या रात्रीच धुतलेला असतो. डोळे मिटले की छपाईच्या ओळी सरळ आहेत का, हेच दिसतं. परवा ही म्हणाली, "अहो, शास्त्र वाचताय की प्रूफं तपासताय?" मी म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं. ती म्हणाली, "मला एवढंच कळतं, की पावसाळ्यापासून तुमचं आमेन काही ऐकू आलं नाही."

ताई, पुस्तकाच्या कडा मी मशीनवर कापल्या. बांधताना कापाव्याच लागतात. कडा झिजलेल्या, काही पानं मुडपलेली, तीन मिलिमीटर पुरले असते. मी अकरा कापले. बाबांच्या पेन्सिलीच्या नोंदी बाहेरच्या समासात होत्या, हे तुला सांगायला नको. त्यांची नजर गेल्यावर तूच त्या त्यांना वाचून दाखवायचीस. उजवीकडच्या पानांवर वाक्यांचे शेवट गेले, डावीकडच्या पानांवर सुरुवाती. "बाबा गेल्यावर घरात बोलणारं तेवढंच उरलंय," असं तू ते पाठवताना लिहिलं होतंस. मी त्याची जीभ अर्धी कापली.

चुकून झालं, असं लिहिलेली दोन पत्रं मी फाडली. कारण तू पहिल्याच ओळीला थांबून म्हणाली असतीस, हा आणि चुकून? पेन्सिलीला टोक काढतानाही मोजणारा हा?

मी मोजलं होतं.

नीतिसूत्रांचा एक अध्याय रोज, तारखेप्रमाणे, ही बाबांची शिस्त तुला ठाऊक आहे. एकतिसाव्याला, त्या सद्गुणी स्त्रीपाशी, त्यांनी "थोरली" लिहिलं होतं. त्यांच्या वाचनात तू वर्षातून सातदाच यायचीस, तेवढ्या महिन्यांना एकतीस दिवस म्हणून. माझी पाळी मात्र बारा महिने. सोळावा अध्याय. गर्वामागून माणसाचं पडणं येतं, असं सांगणाऱ्या वचनाशेजारी, अगदी कडेला, "धाकटा". खाली बारीक रेघा, दर सोळा तारखेला एक. मोजल्या. चौऱ्याऐंशी. म्हणजे सात वर्षं. मी त्यांचं दुकान सोडून स्वतःचं थाटलं, तेव्हापासून त्यांची नजर जाईपर्यंतची.

आयुष्यभर माणसाने कधी तोंडावर "बरं केलंस" म्हटलं नाही, आणि देवापाशी दर महिन्याला चुगली! माझे कान तापले. तो शब्द पुरा निघावा म्हणून मोजपट्टी लावून पाहिली. नऊने "टा" राहत होता. अकरा लावले आणि मशीनचं चाक फिरवलं. माझ्याबरोबर तुझं "थोरली"ही गेलं. तिथे आता नुसतं "ली" आहे.

कापलेल्या पट्ट्या मात्र फेकवल्या नाहीत. क्रमाने दोऱ्यात बांधून खणात ठेवल्या. आणि गेल्या चार महिन्यांत दर सोळा तारखेला मी माझ्या पुस्तकातून पंधरावा अध्यायच परत वाचला. देवाला तारीख कळत नाही, असं समजून.

आज सकाळीही पंधरावाच काढला होता. दोन ओळींपुढे जाईना. उठलो, खण उघडला, माझी पट्टी शोधली. हिशेबाने ती सापडायला वेळ लागला नाही. तिची कड आत मुडपलेली होती. दर पुस्तकाची प्रत्येक मुडपलेली कड उलगडून मगच ते मशीनखाली घालायचं, हे मी चार पोरांना शिकवलंय. ही एक मी उलगडली नव्हती. आज नखाने उलगडली.

आत लिहिलं होतं, "व मी".

त्याखाली रेघांची दुसरी रांग. एकशे एकोणीस. माझ्यापेक्षा पस्तीस जास्त, ताई. माझं नाव तिथे यायच्या आधीपासून ते स्वतःसाठी रेघा ओढत होते.

आज प्रार्थना एवढीच झाली, "प्रभो, बाबा व मी." पुढे काही सुचेना. आमेन मोठ्याने म्हटलं बहुतेक, कारण स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं.

शनिवारी सकाळी मी स्वतः येतोय. पुस्तक, पट्ट्या, पारदर्शक कागद आणि पातळ खळ बरोबर घेऊन. पट्ट्या इथे एकट्याने जोडता आल्या असत्या, पण कित्येक अक्षरं अर्धी झाली आहेत आणि बाबांच्या ओळी तुला पाठ आहेत. तू वाच, मी चिकटवीन. एका दिवसात होणार नाही. जोड दिसेल, कितीही सफाईने केला तरी दिसेल. मी तो लपवणार नाही.

तुला दार उघडावंसं वाटलं नाही तर पायरीवर बसेन. बोल लाव, सगळे लाव. मध्ये बोलणार नाही, हेही आजच कबूल करून ठेवतो. मोडलं तर माझी ती पट्टी दाखव.

तुझा,
सोळाव्या अध्यायातला
धाकटा