आईचा दगड आणि वाळूवरचं यंत्र

४ ऑगस्ट
— आणि ही टेसा, जमिनीखालचं शोधायला बोलावलेली पोरगी, म्हणते, काही दिसत नाही! मग ती यंत्राची ढकलगाडी घेऊन विमानानं आलीस कशाला? आईच्या कबरीचा दगड सामानाच्या बार्जवरून उतरलाय, कापडात गुंडाळलेला चर्चच्या व्हरांड्यात पडलाय. पंधरा तारखेला कबरीवर बसवून सगळ्यांसमोर उघडायचा. सगळ्या बेटांवरून माणसं येणार. आणि बसवायचा कुठे, कबरीचाच पत्ता नाही.
आईला पुरलं तेव्हा मी होते. मग दोन वर्षं, नवं मूत्रपिंड मिळेपर्यंत, केर्न्सच्या इस्पितळात डायलिसिसवर. तेवढ्यात मोठी भरती आली, क्रूस गेले, वाळू सरकली. आता जो तो वेगळीकडे बोट दाखवतो. माझा भाऊ एनॉक म्हणतो, आईला समुद्रानं नेलं. संपलं!

६ ऑगस्ट
यंत्र जमिनीत लहर सोडतं, परत येईल ती टिपतं. खारी वाळू लहर गिळते म्हणे. उरलेलं नुसतं कुजबुजतं.
"मावशी, बाजारात सगळे एकदम बोलतायत. नको त्यांना गप्प करायचं, मग हवं ते ऐकू येतं," टेसा म्हणाली.
आज एक ऐकू आलं. खणलं. नारळाचं मूळ.
एनॉक हसला नाही. मला वाटलं होतं हसेल.

९ ऑगस्ट
काल धो धो पाऊस. टेसा खूश, मीठ खाली गेलं. आज पडद्यावर कबरी दिसल्या, एका रांगेत. रांग सरळ एनॉकच्या होडीच्या शेडखाली जाते.
एनॉक दारात आडवा. "खाली लोखंडी जाळी आहे ताई, यंत्राला डोंबल दिसणार नाही. बसव दगड कुठेही. आई काय रागावणार आहे?"
त्याला जाळीचं कुणी विचारलं होतं?
होडी मीच ढकलून बाहेर काढली. टेसानं शेडच्या सिमेंटच्या जमिनीवर गाडी फिरवली.

११ ऑगस्ट
पडदाभर जाळीच. पण जाळीचे चौकोन सारखे, म्हणून तिचा आवाजही सारखा, तेवढाच वजा करता येतो. टेसानं दोन दिवस तेच केलं. मी चारदा चहा नेला, चारदा तिला बोलणी ऐकवली.
आज तिनं हाक मारली. जाळीखाली खड्ड्याच्या दोन कडा, सरळ. मुळं अशी नसतात.
"पायाशी काहीतरी गोल आहे, धातूचं."
आईचं डॅम्पर, म्हणजे जाड पाव, भाजायचं बिडाचं भांडं. पुरताना मीच तिच्या पायाशी ठेवलं होतं.
एनॉकला सगळ्यांदेखत शिव्या घातल्या. आईवर होडी ठेवतोस?

१२ ऑगस्ट
एनॉक आला. बसला नाही. म्हणाला, भरतीत आईची शवपेटी उघडी पडली होती. एकट्यानं हातांनी परत ढकलली. समुद्र पुन्हा येणारच, म्हणून वर सिमेंट ओतलं. होडी ठेवली, म्हणजे कुणी विचारायला नको. "आईला तशी पाहिली ताई. कुणाला कसं सांगू?"
मी चहा ओतला. त्यानं घेतला नाही.
सिमेंट फोडायचं की दगड त्याच्यावरच बसवायचा, मी एकटी ठरवणार नाही. त्याला सांगितलंय — चौदा तारखेला दिवेलागणीच्या आत उत्तर हवं.